शाल, श्रीफळ आणि धूमकेतू

"आधी दाखवा. मग पुढचं बोलू," असं म्हणून केशवरावांनी तिळाची वडी तोंडात टाकली आणि ते दुसऱ्याच कुणाशी बोलायला लागले. माझी झोप उडाली ती तेव्हापासून.

पुढचं म्हणजे आमच्या सलोनीचं लग्न. केशवरावांचा नातू अमोघ आणि आमची सलोनी एकाच बँकेत आहेत. त्या दोघांचं आपापसात ठरून बरेच दिवस झाले होते, आता मोठ्यांनी ते नव्याने ठरवल्यासारखं करायचं तेवढं बाकी होतं. पण केशवराव पडले झाशीचे जुने मराठी. त्यांचे पूर्वज इथे फौजेबरोबर आले, आम्ही कारखान्याचं नेमणूकपत्र घेऊन आलो. 'कंपनीवाले' हा शब्द ते 'भाडेकरू' म्हटल्यासारखा उच्चारतात. त्यांचं मत असं, की कंपनीवाले बोलतात फार, करत काही नाहीत, आणि निवृत्त झाले की सामान बांधून पुण्याला पळतात. शिवाय ते आमच्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष. कधीपासून, ते मंडळातही कुणाला नक्की सांगता येत नाही.

अशा माणसासमोर मी संक्रांतीच्या मेळाव्यात तोंड उघडायला नको होतं. पण विषय निघाला धूमकेतूचा, आणि धूमकेतू म्हटलं की मला राहवत नाही. मी सांगून टाकलं की एक झकास धूमकेतू आलाय, नुसत्या डोळ्यांनी दिसेल असा. खरं म्हणजे तो दक्षिणेकडच्या लोकांचा. ऑस्ट्रेलियात, चिलीत तो दिमाखात मिरवतोय, आपल्या वाट्याला फक्त उरलंसुरलं. सूर्य मावळला की नैर्ऋत्येला, अगदी क्षितिजाला टेकून, जेमतेम अर्धा तास. "पण मी दाखवतो! सगळ्या मंडळाला दाखवतो!" मी म्हणालो. माझ्या बायकोचं, मृदुलेचं कोपर माझ्या बरगडीत बसलं, पण ते वाक्य संपल्यावर.

अर्धा तास, हे वाचकांनी कृपा करून लक्षात ठेवावं. मी मंडळात दिसेल त्याला ते सांगत होतो आणि एकानेही ते लक्षात ठेवलं नाही.

दुर्बीण माझ्याकडे होती. ती मी हौसेने मागवली होती आणि तिच्यातून आजवर आमच्या कॉलनीतली पाण्याची टाकी उलटी पाहिली होती. (आकाशाच्या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं. ते मृदुलेला पटवताना माझे दोन रविवार गेले.) सरावासाठी म्हणून मी ती संध्याकाळी बाल्कनीत लावली. समोरच्या बाल्कनीतून भानुमतीजी बघत होत्या. त्या आमच्या शेजारीण, मनाने चांगल्या, पण प्रत्येक बाबतीत त्यांचं एक मत असतं.

"भाईसाहब, ये पूँछवाला तारा घर में मत बुलाइए. बिटिया की बात चल रही है."

"मैं नहीं बुला रहा, भाभीजी. वो खुद आ रहा है."

"आप मत देखिए, तो चला जाएगा."

रात्री सोसायटीच्या ग्रुपवर संदेश आला: कृपया बालकनी में दूरबीन न लगाएँ, कुछ परिवार असहज महसूस कर रहे हैं. मी तो संदेश पुन्हा पुन्हा वाचला. ज्या माणसाने उभी हयात ट्रान्सफॉर्मरच्या पोटात डोकावण्यात घालवली, तो या वयात लोकांच्या बाल्कनीत डोकावेल? खाली कुणीतरी अंगठा दाखवून सहमती दर्शवली होती. ती मृदुला होती. चुकून दाबलं गेलं म्हणाली.

तशीही आमची बाल्कनी निरुपयोगीच होती, कारण नैर्ऋत्येला नेमकी ती टाकी. मला हवी होती काळोखी, मोकळी जागा. गजबजलेला इलाइट चौराहा मागे टाकला की शहरात तसा अंधार एकाच ठिकाणी मिळतो, तो म्हणजे लष्कराच्या छावणीत. रुंद रस्ते, मोठी झाडं, दिवे कमी. मी नीट टाइप केलेला अर्ज घेऊन तिथल्या एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी तो शांतपणे वाचला. माणूस सज्जन होता, चहासुद्धा मागवला.

"ये किस मद में आएगा? खेल, संस्कृति, या धर्म?"

"विज्ञान," मी म्हणालो.

त्यांनी सदरांची यादी पाहिली. विज्ञान नव्हतं. त्यांनी 'संस्कृति' लिहिलं आणि सहज विचारलं, "आपकी दूरबीन कितनी दूर तक देख लेती है?"

इथे नेमका माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. मी छाती काढून म्हणालो, "करोड़ों किलोमीटर, साहब!"

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी त्याला टोपण लावलं. मग अतिशय नम्रपणे म्हणाले, "हमारी छावनी तो उससे बहुत छोटी है." अर्ज परत माझ्या हातात आला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, पण चहा मात्र मी तसाच टाकून उठलो.

घरी आलो तर अमोघ बसला होता. मुलगा गोड. मराठी त्याला सगळं कळतं, बोलताना तेवढी त्याची गाडी मधूनमधून हिंदीच्या रुळावर जाते.

"काका, तुम्ही टेन्शन नका घेऊ. आजोबांना मी मनवतो."

"तू नको रे बाबा मनवू. ते म्हणतील, कंपनीवाल्यांनी मुलगाच फितवला."

"तो तर मी आधीपासूनच आहे ना, काका," तो म्हणाला आणि सलोनीकडे बघून लाजला. सलोनी लाजली नाही. तिचा स्वभाव तसा नाही. ती म्हणाली, "बाबा, जागा भानुमती आंटींना विचारा. त्यांच्या भावाचं शेत आहे मोठ गावाच्या रस्त्याला."

मला अपमान गिळून भानुमतीजींकडे जावं लागलं. पूँछवाला तारा आपल्या घरी न येता भावाच्या शेतावर जातोय म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं की काय कोण जाणे, पण त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. त्यांचे भाऊ मुकेशजी फोनवरच ओरडले, "आ जाइए, भैया! मटर कट गई है, खेत खाली पड़ा है. जनरेटर भी लगवा देंगे!" जनरेटर नको, अंधारच हवाय, हे मी दोनदा सांगितलं. त्यांना ते माझं संकोची बोलणं वाटलं. बुंदेलखंडात पाहुण्याने नको म्हटलं की दुप्पट देतात.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. चार गाड्या, वीस माणसं, दुर्बीण, धूमकेतू, घर. पण मंडळाची बैठक झाली. आपल्या लोकांना एखादी गोष्ट नुसती बघता येत नाही, तिचा कार्यक्रम करावा लागतो. कार्यवाह विद्याधरपंतांनी कागद काढला आणि रूपरेषा आखायला घेतली: ईशस्तवन, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय भाषण, आभारप्रदर्शन.

"आणि धूमकेतू?" मी विचारलं.

"तो आहेच की शेवटी," विद्याधरपंत म्हणाले. "लोकांनी आधीच बघितला तर भाषणाला कोण थांबेल?"

"अहो, तो अर्ध्या तासात मावळतो!"

"आपण वेळेवर सुरू करू." हे वाक्य मंडळात मी पुष्कळदा ऐकलंय, पण एकही कार्यक्रम वेळेवर सुरू झालेला पाहिलेला नाही. तेवढ्यात महिला शाखेच्या वतीने माझीच बायको उठली. एवीतेवी सगळ्या जमणारच आहेत आणि रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतंच, तर तेही तिथेच उरकून घेऊ, असं ती म्हणाली. टाळ्या पडल्या. मी तिच्याकडे पाहिलं. तिने नजर टाळली.

तारखेवरूनही घोळ झाला. मी म्हणालो अमावास्या, कारण त्या दिवशी आकाश सगळ्यात काळं. केशवराव म्हणाले, "म्हणूनच नको." मग ठरली अमावास्येनंतरची पहिली मोकळी संध्याकाळ. धूमकेतू रोज थोडा थोडा खाली सरकत होता, आणि जाताना कुणासाठी थांबणाऱ्यांतला तो नव्हता. मी रोज पहाटे उठून धुकं बघत असे. झाशीचं धुकं म्हणजे एकदा बसलं की दुपारपर्यंत उठायचं नाव नाही. जेवण जाईना. सलोनीने एकदा विचारलं, "बाबा, तुम्हाला काळजी नक्की कोणाची आहे? धूमकेतूची की माझी?" खरं सांगायचं तर मला आता दोन्ही एकच वाटायला लागलं होतं. धूमकेतू नाही दिसला तर केशवराव जन्मभर म्हणणार, कंपनीवाल्यांनी दाखवतो म्हटलं आणि शेतात नेऊन उभं केलं. आणि त्या घरात माझी मुलगी कुठल्या तोंडाने जाणार?

त्या दिवशी धुकं नव्हतं. आकाश लख्ख होतं. त्यामुळे माझी काळजी आणखी वाढली, कारण आता दोष द्यायला हवामानही उरलं नव्हतं.

मंडळाने ठरवलेली बस निघाली उशिरा. वाटेत कळलं की समई विसरली, म्हणून ती अर्ध्या वाटेवरून वळली. समईशिवाय दीपप्रज्वलन कसं करणार, असं विद्याधरपंतांनी मलाच विचारलं. दीपप्रज्वलनाशिवाय धूमकेतू दिसतो हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. शेतावर पोचलो तेव्हा सूर्य मावळतीला टेकला होता. मुकेशजींनी मांडव घातला होता. जाजम, खुर्च्या, माइक, आणि चारही कोपऱ्यांत हॅलोजनचे असे झगझगीत दिवे की शेतातल्या ढेकळांच्यासुद्धा सावल्या पडाव्यात. मागे जनरेटर धडधडत होता.

"कैसा लगा, भैया?" मुकेशजींनी मला मिठी मारली. "अँधेरे में मेहमान गिर-पड़ जाते!"

केशवरावांच्या पत्नी कुसुमावतीकाकू गाडीतून उतरल्या. पुढची मानाची खुर्ची सोडून त्यांनी आपली खुर्ची थेट जनरेटरशेजारी लावायला सांगितली.

"काकू, तिथे आवाज होईल हो फार," मी म्हणालो.

"त्याचसाठी," त्या म्हणाल्या आणि शाल सारखी करून बसल्या.

सूर्य मावळला. नैर्ऋत्येला शुक्र चमकला आणि सगळ्या मंडळाने माझं अभिनंदन केलं. हा तो नव्हे, हा शुक्र, तो खाली, अजून थोडं अंधारू द्या, आणि ते दिवे तेवढे घालवा, असं मी ओरडून सांगत होतो, पण माइकवर ईशस्तवन सुरू झालं होतं. मग समई. उघड्या शेतात वारा सुटलेला. एक वात पेटली की दुसरी विझायची. केशवराव हट्टाला पेटले. पाचही वाती पेटल्याशिवाय कार्यक्रम पुढे जाणार नाही म्हणाले. काड्यांची पेटी संपली, मुकेशजींनी दुसरी आणली. शेवटी चार माणसं समईभोवती पाठ करून उभी राहिली तेव्हा कुठे ती पेटली.

पाहुण्यांचा परिचय सुरू झाला तेव्हा मला कळलं की पाहुणा मीच आहे. 'प्रख्यात खगोलतज्ज्ञ' असं विद्याधरपंत माझ्याविषयी म्हणाले. मला शाल पांघरली, हातात नारळ दिला. त्याच वेळी बाजूने हळदीकुंकू चाललं होतं आणि दुर्बिणीच्या भिंगालाही कुणीतरी भक्तिभावाने एक बोट लावून गेलं. ते पुसायला मी रुमाल काढणार, एवढ्यात केशवराव माइकसमोर उभे राहिले.

"मी फार वेळ घेणार नाही," ते म्हणाले.

त्यांनी छत्रसाल महाराजांपासून सुरुवात केली. आवाज खणखणीत, माणूस विद्वान, एक तारीख चुकत नव्हती. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी मान डोलावली असती. पण मांडवाच्या कडेने वाकून पाहिलं तर पश्चिमेचा तांबूस रंग ओसरत चालला होता. म्हणजे तो आता निघाला असणार. निघाला कसला, जायला लागला असणार. मी हाताने खूण केली. केशवराव समजले की मला मुद्दा पटला, आणि त्यांनी तो आणखी विस्ताराने सांगितला. मी चिठ्ठी पाठवली. विद्याधरपंतांनी ती आभाराच्या यादीत घातली. झाशीत पहिला मराठी सुभेदार येऊन पोचला, किल्ल्याची डागडुजी सुरू झाली, अजून पावणेतीनशे वर्षं बाकी होती, आणि धूमकेतू क्षितिजापासून चार बोटांवर आला असणार.

मी उठलो. कपाळाला घाम, खांद्यावर शाल, काखेत नारळ, असा मांडवामागून जनरेटरपाशी गेलो. त्यावर एक लाल बटण होतं. माझा सगळा जन्म विजेत गेला. कारखान्यात मी नुसत्या मान हलवण्यावर अख्खा विभाग बंद केलेला आहे. आणि इथे तर एवढंसं बटण. दाबलं तर केशवरावांचं भाषण भर सभेत तुटणार. सलोनीचं लग्न तिथेच मोडणार. नाही दाबलं तर धूमकेतू जाणार, मग 'आधी दाखवा' म्हणणाऱ्याला मी काय दाखवू? मी हात पुढे केला. मागे घेतला. पुन्हा पुढे केला. नारळ पडला.

तो उचलायला मी वाकलो, तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला. हळदीकुंकवाची बोटं होती. बटण दाबलं गेलं.

"सॉरी, बाबा," सलोनी माझ्या कानाशी म्हणाली.

धडधड थांबली. माइक गेला, हॅलोजन गेले, आणि शेतावर असा अंधार झाला की शेजारचा माणूस दिसेना. "अरे, कोण आहे रे तिकडे?" केशवराव ओरडले. मुकेशजी कुठूनतरी म्हणाले, "तेल तो पूरा भरा था!" खुर्च्या सरकल्या, कुणाचा तरी पाय कुंकवाच्या करंड्यात पडला. मग एकेकाचा आवाज कमी होत गेला. डोळे सरावले होते.

शुक्राच्या बरंच खाली, पळसांच्या ओळीवर, तो होता. कुणाला दाखवावा लागला नाही. खाली ठसठशीत तेजाचा ठिपका आणि त्याच्यावर उभी, किंचित डावीकडे कललेली शेपटी, समईची वात लागावी तशी. आमच्या समईला वाऱ्याने टिकू दिलं नव्हतं, पण ती वात जराही हलत नव्हती. दुर्बीण तशीच कुंकू लावून उभी होती, तिची गरजच पडली नाही. मला एकदम भरून आलं. इतके दिवस मी त्याच्यासाठी धावलो, सगळ्यांशी भांडलो, पण तो इतका सुंदर असेल हे माझ्याही ध्यानात नव्हतं. मी अंधारात शालीने डोळे पुसले.

"अगंबाई," कुसुमावतीकाकू तेवढं म्हणाल्या.

तो खाली सरकत गेला, पळसांच्या शेंड्यांत शिरला, शेपटीचं टोक तेवढं थोडा वेळ वर राहिलं आणि तेही गेलं. मुकेशजींनी जनरेटर सुरू केला. दिवे लागले आणि सगळे डोळे चोळत एकमेकांकडे पाहायला लागले. केशवराव अजून माइकसमोरच उभे होते. त्यांचा चेहरा वाचता येत नव्हता.

"जनरेटर कुणी बंद केला?" त्यांनी विचारलं. या वेळी माइक चालू होता, त्यामुळे प्रश्न थेट मोठ गावापर्यंत ऐकू गेला असेल.

सलोनी पुढे व्हायला लागली. मी तिच्या आड आलो. नारळ छातीशी घट्ट धरला.

"मी केला," मी म्हणालो. "चूक माझी. तिला काही माहीत नाही."

मृदुलेने डोळे मिटून घेतले. अमोघ दोन पावलं आमच्याकडे आला आणि सलोनीच्या बाजूला उभा राहिला. केशवरावांनी काही बोलायला तोंड उघडलं.

"खोटं का बोलता?" जनरेटरशेजारून कुसुमावतीकाकूंचा आवाज आला. "मी इथे बसलेय, मला सगळं दिसलं. तुम्ही नुसता हात पुढे-मागे करत होता. बटण पोरीने दाबलं."

काकू खुर्चीवरून सावकाश उठल्या आणि सलोनीच्या हाताला धरून तिला उजेडात घेऊन आल्या. तिच्या बोटांचं हळदीकुंकू त्यांच्या शालीला लागलं, ते त्यांनी झटकलं नाही.

"ऐकलंत का?" त्या केशवरावांना म्हणाल्या. "लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी ते बटण शोधत्येय. हिला एका संध्याकाळीत सापडलं."

केशवरावांनी एकदा सलोनीकडे पाहिलं, एकदा पळसांच्या ओळीकडे. मग घसा साफ करून ते माइककडे वळले.

"तर, मी म्हणत होतो की सुभेदारांनी किल्ल्याची..."

सलोनीने काही केलं नाही. तिने नुसतं जनरेटरकडे पाहिलं.

"...तर एवढं बोलून मी माझे चार शब्द संपवतो," केशवराव म्हणाले आणि खाली बसले.

टाळ्या इतक्या जोरात वाजल्या की जनरेटरची धडधडही ऐकू येईना. विद्याधरपंत आभाराचा कागद घेऊन उठलेच होते, पण काकूंनी त्यांना हातानेच बसवलं आणि माझ्याकडे वळल्या.

"साखरपुड्याची तारीख काढा, व्याही. अमावास्या असली तरी चालेल. आणि भाषण ठेवायचंच असेल, तर जनरेटर हिच्याजवळ लावा."